बांगलादेशचे पहिले पंतप्रधान ताजुद्दीन अहमद : आपल्याला किती ठाऊक आहेत?

सायंतारा

मंडळी,

१९७१ म्हटलं की आपल्याकडे इंदिरा गांधी, माणेकशॉ, शेख मुजीब आणि ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही करणारे नियाझी ही नावं चटकन आठवतात. पण त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने मुजीबना घरातून उचललं, ते जानेवारी १९७२मध्येच परतले. मधले नऊ महिने बांगलादेशचं सरकार कोण चालवत होतं? दिल्लीशी बोलणी कोणी केली? निर्वासित, मुक्तियोद्धे, आपापसात भांडणारे पुढारी आणि शंका घेणारे परदेशी पत्रकार या सगळ्यांना एकाच वेळी कोणी तोंड दिलं? त्या माणसाचं नाव ताजुद्दीन अहमद. गेली काही वर्षं मिळेल ते त्यांच्याविषयी वाचते आहे. जे मनात साठलंय ते मांडावं म्हणून हा धागा.

जन्म २३ जुलै १९२५चा, ढाक्याच्या उत्तरेला कापासिया भागातल्या दरदरिया गावात. आता तो भाग गाझीपूर जिल्ह्यात येतो. मुलगा अभ्यासात अतिशय हुशार, १९४४च्या मॅट्रिकला गुणवत्ता यादीत बारावा. पुढे ढाका विद्यापीठात अर्थशास्त्र. कायद्याची पदवी मात्र त्यांनी तुरुंगातून परीक्षा देऊन मिळवली. विद्यार्थी असल्यापासून ते रोज इंग्रजीत डायरी लिहीत. कोणाला भेटलो, सायकलवरून कुठे गेलो, सभेत काय ठरलं आणि शेवटी त्या दिवशीचं हवामान. कोणाविषयी कडवट शेरे नाहीत, स्वतःची बढाईही नाही. पूर्व बंगालमधल्या बंगाली भाषेच्या आंदोलनाचा इतिहास लिहिताना बदरुद्दीन उमर यांच्यासारख्या अभ्यासकाने या डायरीचा आधार घेतला, यावरून तिची विश्वासार्हता कळते.

१९५४च्या निवडणुकीत संयुक्त आघाडीतर्फे ते उभे राहिले आणि पूर्व पाकिस्तान मुस्लिम लीगचे सरचिटणीस फकीर अब्दुल मन्नान यांना त्यांनी हरवलं. तेव्हा वय २८. १९६६मध्ये मुजीबनी लाहोरला पूर्व पाकिस्तानच्या स्वायत्ततेची सहा कलमी मागणी मांडली, त्याच वर्षी ताजुद्दीन मुजीबच्या अवामी लीग या पक्षाचे सरचिटणीस झाले आणि मे महिन्यात तुरुंगात गेले. बाहेर आले ते १९६९च्या जनआंदोलनाने पाकिस्तानचे लष्करशहा अयूब खान यांना हादरवलं तेव्हा. मुजीब सभा जिंकायचे, ताजुद्दीन कागद तयार करायचे. पक्षाची घटना, ठराव, वाटाघाटींचे मसुदे, निवडणुकीची यंत्रणा, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. १९७०च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. मार्च १९७१मध्ये असहकार सुरू झाला तेव्हा बँका किती वेळ उघडतील, कोणता कर भरायचा, कोणता नाही, हेसुद्धा पक्षाच्या आदेशांनी ठरत होतं. ते आदेश काढणाऱ्यांत ताजुद्दीन मुख्य होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. २५ मार्चच्या रात्री ते मुजीबकडे गेले होते, भूमिगत व्हा म्हणून विनवत होते, मुजीब तयार झाले नाहीत, असं त्यांच्या मोठ्या मुलीने, शर्मीन अहमद यांनी, लिहिलं आहे. त्या रात्री ढाका पेटलं. २७ तारखेला संचारबंदी थोडी उठली तेव्हा ताजुद्दीन आणि बॅरिस्टर अमीरुल इस्लाम शहराबाहेर पडले. बायकोला त्यांनी चिठ्ठी पाठवली. तिचा आशय असा : मी निघालो, जाताना काही सांगता आलं नाही, माफ कर. मुलांना घेऊन साडेसात कोटी माणसांत मिसळून जा. पुन्हा कधी भेटू ठाऊक नाही, मुक्तीनंतर. चार मुलं, धाकटा जेमतेम सव्वा वर्षाचा, आणि घरचा कर्ता देश सोडून निघालेला.

पद्मा ओलांडून, फरिदपूरमार्गे, मिळेल त्या वाहनाने आणि बरंचसं पायी चालत दोघे ३० मार्चला चुआडांगाकडच्या सीमेवर पोचले. इथे त्यांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. पळत आलेला माणूस सरळ पलीकडे जाईल. यांनी दोन तरुण अधिकाऱ्यांना पुढे पाठवलं आणि निरोप दिला की एका स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून सन्मानाने बोलावलं तरच आम्ही येऊ. दोघे सीमेजवळ थांबून राहिले. सीमा सुरक्षा दलाचे गोलोक मजुमदार स्वतः आले आणि त्यांना कोलकात्याला घेऊन गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत इंदिरा गांधींची भेट झाली. तोपर्यंत सरकार नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती. बाकीचे पुढारी कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, काहीच कळत नव्हतं. ताजुद्दीन यांच्यापुढे प्रश्न होता तो हा : मी कोण म्हणून बोलू? एका पक्षाचा कार्यकर्ता म्हणून गेलो तर सहानुभूती मिळेल, निर्वासितांसाठी तंबू मिळतील. सरकार म्हणून गेलो तर शस्त्रं आणि मान्यता मागता येईल. त्यांनी सांगितलं की सरकार स्थापन झालं आहे, राष्ट्रपती शेख मुजीब आहेत आणि मी पंतप्रधान. शिवाय पहिल्याच भेटीत हेही स्पष्ट केलं की ही लढाई आमची आहे, आम्हालाच लढू द्या. आम्हाला आसरा, प्रशिक्षण आणि शस्त्रं हवीत. भारतानेच पाकिस्तान फोडला असं चित्र उभं राहिलं असतं तर जगाने या लढ्याकडे पाठ फिरवली असती, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

१० एप्रिलला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. समता, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक न्याय ही तीन तत्त्वं त्यात आहेत. निवडून आलेल्या प्रतिनिधींनी जनतेच्या कौलाच्या जोरावर काढलेला तो दस्तऐवज आहे, बंडखोरांचं पत्रक नव्हे. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळ वैद्यनाथतला इथल्या आंबराईत मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. पत्रकारांना पहाटे कोलकात्याहून नेलं होतं, कुठे जायचं ते न सांगता. जागेचं नाव ताजुद्दीन यांनी मुजीबनगर ठेवलं. सय्यद नझरुल इस्लाम कार्यवाहक राष्ट्रपती, मन्सूर अली अर्थमंत्री, कमरुझ्झमान गृहमंत्री, खोंदकर मुश्ताक अहमद परराष्ट्रमंत्री, सेनापती कर्नल उस्मानी. दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातले पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी कचेरीवर बांगलादेशचा झेंडा फडकवला.

पुढे कारभार चालला तो कोलकात्याच्या ८, थिएटर रोड या इमारतीतून. देश मुक्त होईपर्यंत संसार करणार नाही असं ताजुद्दीन यांनी ठरवलं होतं. कुटुंब मेअखेरीस कोलकात्यात पोचलं, वेगळ्या फ्लॅटमध्ये राहिलं. ते स्वतः कचेरीशेजारच्या खोलीत राहत, आपले कपडे आपण धूत.

१६ डिसेंबरनंतरचं पुढे लिहीन. आधी तुमची मतं कळू द्या.

जुना वाचक

उत्तम धागा. सीमेवर थांबून राहण्याचा प्रसंग ठाऊक नव्हता. पुढचं लवकर येऊ द्या. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

वैनगंगा

विषय : रुस्तमजी आपल्या कामठीचे

सायंतारा, लेखात एक भर घालते. गोलोक मजुमदारांनी ताजुद्दीनना कोलकात्याला आणलं तेव्हा दिल्लीहून तातडीने विमानाने येऊन त्यांना भेटणारे सीमा सुरक्षा दलाचे महासंचालक म्हणजे के. एफ. रुस्तमजी. ते नागपूरजवळच्या कामठीचे. पारशी कुटुंब, शिक्षण नागपूर आणि मुंबईत, १९३८मध्ये मध्य प्रांतातून पोलीस सेवेत. १९६५मध्ये सीमा सुरक्षा दल उभारलं ते त्यांनीच. ताजुद्दीन खरोखर कोण आहेत, त्यांच्यावर किती विश्वास टाकायचा, हा पहिला अंदाज त्यांनी घ्यायचा होता. तो त्यांनी अचूक घेतला आणि ताजुद्दीन दिल्लीला पोचले. विदर्भात हे नाव आता फारसं कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं आहेत. ती १९७१च्या आधीची, साठच्या दशकातली वसाहत. त्या लोकांशी बोललं की कळतं, तिकडची होरपळ एका मार्चमध्ये सुरू झालेली नव्हती.

खडकमाळ

माहितीपूर्ण लेख आहे, पण मला ताजुद्दीनना इतकं मध्यभागी ठेवणं पटत नाही. त्या नऊ महिन्यांत माणसं लढली ती मुजीबच्या नावाने. त्यांचं ७ मार्चचं भाषण नसतं तर थिएटर रोडवरच्या सरकारला कोणी विचारलं नसतं. सरकार होतं भारताच्या भूमीवर, पैसा आणि शस्त्रं भारताची, शेवटची तेरा दिवसांची लढाई भारतीय लष्कराची. पंतप्रधान कोणीही असता तरी निकाल तोच लागला असता, असं मला वाटतं.

सायंतारा

खडकमाळ, पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत. ताजुद्दीन यांनी एकाही क्षणी स्वतःला मुजीबच्या जागी ठेवलं नाही. गावाचं नावसुद्धा मुजीबनगर ठेवलं.

पण पंतप्रधान कोणीही चालला असता, हे मात्र नाही. त्या जागेवर दुसरा दावेदार होता खोंदकर मुश्ताक. पक्षात आपण ज्येष्ठ म्हणून पंतप्रधानपद आपलं, असा त्यांचा आग्रह होता. परराष्ट्र खातं घेऊन ते कसेबसे गप्प बसले. उन्हाळा सरल्यावर त्यांच्या गोटातून कोलकात्यातल्या अमेरिकी वकिलातीशी गुपचूप बोलणी सुरू झाली. मुजीबच्या सुटकेच्या बदल्यात स्वातंत्र्याऐवजी पाकिस्तानातच काहीतरी तडजोड, असा त्या बोलण्यांचा रोख. अमेरिकी कागदपत्रांतच याची नोंद आहे. प्रश्न मोठ्या हुशारीने विचारला जात होता : तुम्हाला मुजीब हवेत की स्वातंत्र्य? ताजुद्दीन यांची भूमिका होती की दोन्ही हवंत, आणि स्वातंत्र्य मिळालं तरच मुजीब परत येतील. शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळातून त्यांनी मुश्ताकना वगळलं आणि न्यायमूर्ती अबू सईद चौधुरींना नेतृत्व दिलं. मुश्ताक न्यूयॉर्कला पोचून तिथे तडजोडीची घोषणा करून बसले असते तर? मग डिसेंबरच्या लढाईला पायाच उरला नसता.

दुसरीकडून तरुण नेत्यांचा दबाव. शेख फजलुल हक मोनी हे मुजीबचे भाचे. त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना ताजुद्दीन पंतप्रधान म्हणून मान्यच नव्हते. त्यांची मुजीब वाहिनी ही वेगळी फौज भारताच्या 'रॉ'ने मेजर जनरल उबान यांच्या हाताखाली तयार केली आणि ती बांगलादेश सरकारच्या किंवा उस्मानींच्या हुकमतीखाली नव्हती. ताजुद्दीन यांनी दिल्लीकडे याबद्दल वारंवार तक्रार केली. यजमान देश आपल्याच सरकारला समांतर फौज उभारतोय आणि त्याच यजमानाकडून उद्याची मान्यता मिळवायची आहे, ही कोंडी विचारात घ्या. जुलैमध्ये सिलिगुडीजवळ निवडून आलेल्या प्रतिनिधींची बैठक झाली. तिथे त्यांना काढायचे प्रयत्न झाले. ते बोलले आणि प्रतिनिधी त्यांच्यामागे उभे राहिले. सप्टेंबरमध्ये भाशानी, मणी सिंग, मुझफ्फर अहमद अशा इतर पक्षांच्या नेत्यांना घेऊन सल्लागार समिती केली. अवामी लीगमधल्या अनेकांना ती नकोशी होती, तरी केली.

भारताचं साहाय्य आणि जवानांचं बलिदान कमी लेखायचा प्रश्नच नाही. मान्यता ६ डिसेंबरला आली आणि आपलं लष्कर मान्यताप्राप्त सरकारच्या मित्रसैन्यासह ढाक्याकडे गेलं. हे वाक्य लिहिता यावं म्हणून एक माणूस आठ महिने झटत होता.

उत्तररात्र

त्या वर्षीच्या पाच पैशांच्या 'शरणार्थी साहाय्य' तिकिटाची आठवण झाली. १५ नोव्हेंबर १९७१पासून साध्या पत्रावरही ते जादा तिकीट लावावं लागे. आमच्या घरी जुन्या पाकिटांवर आहेत अजून. तेव्हा केंद्रात अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. एक कोटीच्या आसपास माणसं सीमेपलीकडून आलेली, त्यांच्या अन्नपाण्याचा खर्च काढायची जबाबदारी त्यांच्या खात्यावर. तेच खातं पुढे ढाक्यात ताजुद्दीन यांच्याकडे आलं ना?

सायंतारा

हो, उत्तररात्र. आता तेच लिहिते.

२२ डिसेंबरला मंत्रिमंडळ ढाक्यात परतलं. १० जानेवारी १९७२ला मुजीब आले आणि दोन दिवसांत ताजुद्दीन पंतप्रधानपदावरून उतरले, मुजीब पंतप्रधान झाले. ताजुद्दीन यांना याचं दुःख नव्हतं, उलट ओझं उतरलं असंच वाटलं असावं. दुःख दुसरंच होतं. त्या नऊ महिन्यांत काय घडलं, कोण कसं वागलं, हे मुजीबनी त्यांना कधीच विचारलं नाही, असं त्यांच्या घरच्यांनी लिहिलंय. मुजीबच्या कानाशी लागणारे दुसरे होते. कोलकात्यात ज्यांना ताजुद्दीन यांनी आवरलं होतं, तेच.

अर्थ आणि नियोजन खातं त्यांच्याकडे आलं. देशाची अवस्था काय होती? पूल पडलेले, रेल्वे उखडलेली, बंदरात बुडालेली जहाजं, बँकांत पैसा नाही, परतलेल्या एक कोटी माणसांना घरं नाहीत. ३० जून १९७२ला त्यांनी देशाचा पहिला अर्थसंकल्प मांडला, ७८६ कोटी टाक्यांचा. नियोजन आयोगावर नुरुल इस्लाम, रहमान सोभान, अनिसुर रहमान, मुशर्रफ हुसेन असे चार अर्थतज्ज्ञ नेमले होते. मंत्रिपदावरचा माणूस अर्थशास्त्र जाणणारा, त्यामुळे त्यांच्याशी बरोबरीने वाद घालणारा.

जागतिक बँकेचे मॅक्नमारा भेटीला आले तेव्हाचा एक किस्सा त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत येतो. काय हवं असं त्यांनी विचारल्यावर ताजुद्दीन म्हणाले, बैल हवेत, आणि ते बांधायला दोर. युद्धात शेतकऱ्यांचे बैल गेले, दोर गेले, नांगरणी होणार कशी? पाहुण्यांना तो उद्धटपणा वाटला. मला मात्र वाटतं की ती मागणी अक्षरशः खरी होती. ज्या अमेरिकेने युद्धात पाकिस्तानचे राष्ट्रपती याह्या खान यांना साथ दिली, तिची मदत घ्यायला त्यांचा जीव तयार नव्हता. पण परकीय चलन संपत आलं, धान्य आणायचं कुठून? दीडदोन वर्षांत त्यांना तीही मदत घ्यावी लागली. पाकिस्तानच्या जुन्या कर्जाचा वाटा उचला म्हणून देणगीदार देश अडून बसले होते, तिथे ते बराच काळ ठाम राहिले.

१९७४ला सगळंच अंगावर आलं. आधीच तेलाचे भाव भडकलेले, मग पूर, आणि त्यात बांगलादेशने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने धान्याची मदत रोखली. दुष्काळ पडला. ऑक्टोबरमध्ये परदेश दौऱ्यावरून परतल्यावर विमानतळावरच ताजुद्दीन बोलले : लोक उपाशी मरताहेत, हे नाकारून चालणार नाही, सर्व पक्षांनी एकत्र यायला हवं. मंत्र्याने असं उघड बोलणं सरकारला परवडणारं नव्हतं. २६ ऑक्टोबर १९७४ला मुजीबनी सही करायला सांगितली, यांनी राजीनामा दिला. एक शब्दही जाहीरपणे विरोधात बोलले नाहीत.

जानेवारी १९७५मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली आणि बाकशाल हा एकच पक्ष उरला. ताजुद्दीन त्यात गेले नाहीत. त्यांच्या खासगी सचिवांनी सांगितलंय की त्याआधीच त्यांनी मुजीबना फोनवर बजावलं होतं : तुम्हाला शांततेने सत्तेवरून दूर करायचे सगळे दरवाजे तुम्ही बंद करताय, उद्या बंदुकीने येतील, तुम्ही मराल आणि आम्हीही मरू.

१५ ऑगस्टला मुजीब आणि त्यांचं कुटुंब मारलं गेलं. मुश्ताक राष्ट्रपती झाले. २२ ऑगस्टला ताजुद्दीन यांना घरातून तुरुंगात नेलं. किती दिवस लागतील, असं पत्नी जोहराबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, कायमचंच धर. ढाका मध्यवर्ती तुरुंगात त्यांनी आवारातली जागा साफ करून फुलझाडं लावली. ३ नोव्हेंबरच्या पहाटे सैनिकांची एक टोळी फाटकाशी आली. तुरुंगाधिकाऱ्यांनी अडवलं, तर राष्ट्रपती भवनातून फोनवर त्यांना आत सोडायचा हुकूम आला. सय्यद नझरुल इस्लाम, ताजुद्दीन अहमद, मन्सूर अली, कमरुझ्झमान, चौघांना एका खोलीत आणून गोळ्या घातल्या. पाच जणांच्या मुजीबनगर मंत्रिमंडळातले चार, आणि पाचवा राष्ट्रपती भवनात.

मोगरी

वाचताना अंगावर काटा आला. खटला चालला का कधी?

सायंतारा

मोगरी, दुसऱ्याच दिवशी तुरुंगाच्या उपमहानिरीक्षकांनी लालबाग ठाण्यात तक्रार नोंदवली होती. पण ऑगस्टच्या हत्याकांडातल्या लोकांना संरक्षण देणारा वटहुकूम सप्टेंबरमध्येच निघालेला आणि पुढच्या राज्यकर्त्यांना हे प्रकरण उकरायचं नव्हतं. एकवीस वर्षं फाइल पडून. १९९६ला वटहुकूम रद्द झाला, तपास पुन्हा सुरू झाला. २००४ला निकाल लागला : तिघांना फाशी, बारा जणांना जन्मठेप. उच्च न्यायालयाने २००८ला फाशीच्या तिघांपैकी दोघांना सोडलं, सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने २०१३ला ती शिक्षा पुन्हा कायम केली. तरी बरेच आरोपी परदेशात फरारीच राहिले. ज्यांनी वरून हुकूम दिला त्यांच्यापर्यंत न्यायालय कधी पोचलंच नाही. मुश्ताक तर १९९६मध्येच वारले.

अर्थार्थी

विषय : अर्थमंत्री म्हणून

सायंताराताई, लेखन आवडलं. पण अर्थमंत्री म्हणून त्यांचं मूल्यमापन करताना तुम्ही हात आखडता घेतलाय.

मार्च १९७२मध्ये ताग, कापड, साखर गिरण्या, बँका, विमा, सगळ्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. मालक बहुतेक पश्चिम पाकिस्तानी आणि पळून गेलेले, त्यामुळे काहीतरी करणं भागच होतं, मान्य. पण त्या गिरण्यांवर प्रशासक म्हणून पक्षाचे लोक बसले, माल आणि यंत्रं विकली गेली, उत्पादन घसरलं. तूट भरायला नोटा छापल्या, महागाईने शेतमजुराची मजुरी खाऊन टाकली. खातं ताजुद्दीन यांचं होतं, समाजवादाचा आग्रहही त्यांचा होता.

आणि दुष्काळाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलंय की १९७४मध्ये बांगलादेशात दरडोई धान्याची उपलब्धता आजूबाजूच्या वर्षांपेक्षा जास्तच होती. लोक मेले ते धान्य नव्हतं म्हणून नाही, तर पुराने शेतमजुरांचं काम गेलं आणि तांदळाचे भाव चढले म्हणून. सर्वांत जास्त होरपळले ते रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट. सरकारने सुमारे ६ हजार लंगरखाने उघडले, पण उशिरा आणि अपुरे. याच्या जेमतेम वर्षभर आधी आपल्या महाराष्ट्रात ७२चा दुष्काळ होता. पीक पार गेलं होतं, तरी मे १९७३मध्ये ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव खणले, आठवड्याचा पगार हातात आला आणि माणसं जगली. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. अभ्यासक या दोन दुष्काळांची उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतात. ढाक्याच्या अर्थखात्याला मजुरीचा प्रश्न वेळेत दिसला नाही, ही नोंद व्हायला हवी.

सायंतारा

अर्थार्थी, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत मोलाचा. महाराष्ट्राशी तुलना योग्यच आहे. त्यात एवढंच जोडते की आपल्याकडे कामं काढायला तालुक्यापर्यंत पोचलेली महसूल यंत्रणा होती, केंद्राचा पैसा मागे होता आणि विधानसभेत सरकारला धारेवर धरणारे विरोधक होते. ढाक्यात तीन वर्षांपूर्वी उभं केलेलं राज्य होतं आणि गंगाजळी रिकामी. शिवाय अर्थमंत्र्याच्या हातात अन्नखातं नव्हतं, तस्करी थांबवायला गृहखातं नव्हतं आणि पंतप्रधानांचा विश्वासही उरला नव्हता.

गिरण्यांवर पक्षाचे लोक बसले याबद्दल मात्र त्यांची सुटका नाही. समाजवाद आणायचा तर तो राबवणारे कार्यकर्ते तयार हवेत, असं ते स्वतः भाषणांत पुन्हा पुन्हा सांगत. कार्यकर्ते नाहीत हे ठाऊक असताना एवढा पसारा अंगावर घेतला. चूक कळल्यावर ती भर विमानतळावर बोलून दाखवणारा मंत्री त्या मंत्रिमंडळात एकटाच होता, हेही तितकंच खरं.

खडकमाळ

दुसरा भाग वाचून माझं मत थोडं सरकलं. मुश्ताक प्रकरण आणि न्यूयॉर्कचा दौरा यांचं महत्त्व माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण एक विचारतो. १९७२ ते ७५मध्ये हा माणूस इतका गप्प का राहिला? बाकशाल चुकीचं आहे हे फोनवर सांगितलं, लोकांना नाही सांगितलं. राजीनामा दिला तोही मागितल्यावर. त्यांनी उघड विरोध केला असता तर कदाचित लोकशाही मार्गाने पर्याय उभा राहिला असता. निष्ठा हा गुण खरा, पण इथे देशाला तो महाग पडला असं नाही वाटत?

सायंतारा

वाटतं. आणि याच प्रश्नापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन अडते. मुजीबविरुद्ध उभं राहणं म्हणजे मुक्तिलढ्याविरुद्ध उभं राहणं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांच्याभोवती जमू पाहणारे लोक होते, राजीनाम्यानंतर तर नक्कीच. त्यांनी कोणालाच हात दिला नाही. कापासियात जाऊन लोकांत बोलले असते तरी चित्र वेगळं झालं असतं. सरचिटणीस म्हणून इतकी वर्षं दुसऱ्याच्या नेतृत्वाला आकार दिलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने हाक देणं जमलं नाही. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, तरी हा दोष मी लहान मानत नाही.

जुना वाचक

आता तिकडे यांची काय स्थिती आहे? ऑगस्ट २०२४नंतर सगळंच बदललं ना?

वैनगंगा

जुना वाचक, शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ला देश सोडून गेल्या तेव्हा मुजीबनगरच्या स्मारक-संकुलातल्या पुतळ्यांचीही मोडतोड झाली. ढाक्यातल्या धानमंडीचं मुजीबचं घर आधी जाळलं, फेब्रुवारी २०२५मध्ये पाडलंच. हसीनांच्या काळात एकाच कुटुंबाचा इतिहास लोकांवर लादला गेला, त्याचा राग समजू शकते. पण त्या लादलेल्या इतिहासात ताजुद्दीन यांनाही जागा तोकडीच होती. म्हणजे पंधरा वर्षं झाकोळले गेले ते एका बाजूने आणि मोडतोड झाली ती दुसऱ्या बाजूने.

सायंतारा

अगदी. म्हणूनच मला आता तिकडच्या तरुणांच्या लिहिण्याकडे लक्ष ठेवावंसं वाटतं. २०२५ हे ताजुद्दीन यांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. एकपक्षीय सत्तेला मुजीबच्या तोंडावर विरोध करणारा, मुक्तिलढ्याचाच माणूस, म्हणून त्यांच्याकडे नव्याने बघता येण्यासारखं आहे. १० एप्रिलच्या जाहीरनाम्यातली समता, प्रतिष्ठा, न्याय ही तत्त्वं कोणत्याही पक्षाची मालमत्ता नाहीत.

मोगरी

जोहराबाईंचं पुढे काय झालं? चार मुलं घेऊन त्या कशा राहिल्या असतील!

सायंतारा

त्या नुसत्या राहिल्या नाहीत, मोगरी, उभ्या राहिल्या. १९७५नंतर अवामी लीग फुटली होती, नेते तुरुंगात किंवा लपलेले, लष्करी राजवट. एप्रिल १९७७मध्ये जोहरा ताजुद्दीन पक्षाच्या निमंत्रक झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून त्यांनी पक्ष पुन्हा बांधला. हसीना मे १९८१मध्ये परतल्या तेव्हा त्यांच्या हातात पडलेल्या संघटनेत जोहराबाईंच्या कष्टांचा वाटा मोठा होता. मुलांपैकी सिमीन हुसेन रिमी कापासियाहून खासदार झाल्या. मुलगा सोहेल ताज २००९मध्ये गृहराज्यमंत्री झाले आणि काही महिन्यांतच राजीनामा देऊन बाहेर पडले. जोहराबाई डिसेंबर २०१३मध्ये गेल्या.

अर्थार्थी

जोहराबाईंवर स्वतंत्र धागा काढाच. १९७७ ते ८१ या काळाविषयी आपल्याकडे कोणालाच काही ठाऊक नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.

सायंतारा

काढते. त्या वेळचे लष्करी सत्ताधीश झिया उर रहमान यांच्या राजवटीत पक्षांना पुन्हा परवानगी कशी मिळाली इथपासून सुरुवात करावी लागेल, त्यामुळे थोडा वेळ द्या. वैनगंगा, तुम्ही तोवर रुस्तमजींवर लिहा.